रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत डीसीसीचे दिवे: पावसाळाभर वापरल्यानंतर

एचओ मापाच्या (१:८७) मॉडेल रेल्वेगाड्यांत डीसीसीचे, म्हणजे रुळांमधून जाणाऱ्या डिजिटल हुकमांवर चालणारे, दिवे बसवणार असाल तर पहिला पैसा चाकांवरून वीज उचलणाऱ्या धातूच्या पत्त्यांवर आणि तारांच्या सांध्यांवर घाला. भारी डीकोडर (गाडीतलं, ते हुकूम ओळखून मोटर-दिवे चालवणारं छोटं सर्किट) नंतर बघता येईल. उन्हाळ्यापासून हा संच रत्नागिरीत, समुद्राच्या अगदी जवळ चालवतोय आणि सगळा पावसाळा त्याने काढला आहे. माझं ठाम मत हेच झालं आहे.

संच साधा आहे. अर्डुइनो मेगा हा छोटा कंट्रोलर बोर्ड, त्यावर रुळांना वीज देणारी मोटर शील्ड, त्यात हुकूम तयार करणारं डीसीसी-ईएक्स हे मोफत सॉफ्टवेअर. डीकोडरच्या प्रोग्रॅमिंगला लॅपटॉपवर जेएमआरआय, तेही मोफत. इंजिनात आठ पिनांचा डीकोडर, डब्यांत फक्त दिव्यांसाठीचा फंक्शन डीकोडर. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कुरिअरने मागवले.

साध्या डीसीवर गाडी थांबली की दिवे विझतात. डीसीसीत रुळांवर पूर्ण व्होल्टेज कायम असतं, मोटर आणि दिवे यांना हुकूम वेगवेगळे जातात. कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग एकेरी, त्यामुळे क्रॉसिंगला थांबलेली, खिडक्या उजळलेली गाडी हे आपलं रोजचं दृश्य. ते मॉडेलमध्ये हवं तर डीसीसीच हवं.

वायरिंगमध्ये रंग पाळा. लाल-काळी रुळांची, नारिंगी-करडी मोटरची, पांढरी पुढच्या हेडलाइटची, पिवळी मागच्या. निळी सगळ्यांची सामाईक प्लस, म्हणजे एलईडीचा अ‍ॅनोड निळ्याला. पुस्तकात १ किलोओहमचा रेझिस्टर सांगतात, पण आजच्या एलईडींना तो कमी पडतो, डोळे दिपतात. मी ४.७ किलोओहम वापरतो. आठ पिनांचा प्लग उलटा बसला तर गाडी धावते पण दिवे लागत नाहीत, तेव्हा डीकोडरला दोष देण्याआधी प्लग बघा.

माझं इंजिन डब्ल्यूडीपी-४डी, म्हणजे डिझेलचं. विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं तरी माझ्या मनातली कोकण रेल्वे डिझेलचीच आहे. हिरव्या तारेवर मागचे लाल मार्कर आणि जांभळ्यावर छतावरचा पिवळा फ्लॅशर घेतला. लाल दिवे हेडलाइटला समांतर जोडू नका. इंजिन एकटं जात असेल तेव्हा मागे लाल हवेत, डबे लागले की ते बंद हवेत, म्हणून त्यांना वेगळं बटण लागतं. कुठल्या बटणावर कुठली तार हे सीव्ही (डीकोडरमध्ये साठवलेली, क्रमांक दिलेली सेटिंग) ३३ पासून पुढे ठरतं. लुकलुकण्याचे सीव्ही मात्र कंपनीगणिक बदलतात. तिथे जेएमआरआय फार उपयोगी पडतं, आकड्यांऐवजी नावं दाखवतं.

स्लीपरच्या डब्यात दोन आउटपुट घेतले: एकावर छताची पांढरी पट्टी, दुसऱ्यावर रात्रीचा निळा दिवा, १० किलोओहमवर अगदी मंद. पांढरी विझवून निळा लावला की पुतण्या खिडकीला डोळा लावून म्हणतो, "काका, झोपले सगळे." एवढ्यासाठी केलेली खटपट मला पूर्ण वसूल वाटते.

डब्याचा डीकोडर प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (सेटिंग लिहायच्या वेगळ्या रुळावर) बहुधा 'सापडत' नाही. डीकोडर होकार देतो तो करंटचा झटका देऊन, साधारण ६० मिलिअँपिअर, ६ मिलिसेकंद. इंजिनात ते काम मोटर करते. डब्यात मोटर नाही आणि एलईडी तेवढा करंट घेतच नाहीत. अशा वेळी नवा डीकोडर खराब समजून परत पाठवणारे मला भेटले आहेत. निळ्या-पांढऱ्या तारांमध्ये तात्पुरता २२० ओहमचा रेझिस्टर लावा, काम झाल्यावर काढा. किंवा डीकोडरचा पत्ता (त्याचा ओळख क्रमांक) सोडून बाकीचे सीव्ही मेन ट्रॅकवरच लिहा, तिथे होकाराची वाट बघावी लागत नाही.

आता खारी हवा. तयार वायरिंगचा एक डबा विकत घेतला होता. दिवे थरथरायला लागले म्हणून ऑगस्टमध्ये छत उघडलं, तर पत्ती आणि तार जिथे जोडली होती तिथे हिरवा चुरा आणि तार बोटाने सुटली. अ‍ॅसिडचा फ्लक्स (सोल्डर नीट धरावा म्हणून लावतात तो लेप) लावून सोल्डर मारलेला, वर पुसलेलाही नव्हता. विकणाऱ्याने दुरुस्तीला नकार दिला. इथे फक्त राळेचा फ्लक्स वापरावा, सांधा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा आणि वर स्लीव्ह चढवावी. माझे असे केलेले सांधे पावसाळ्यात एकदाही उघडावे लागले नाहीत. रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. पितळेवरचा थर वीज अडवतो आणि पावसात तो फार लवकर धरतो.

एवढं करूनही पॉइंटवरून (गाडी रूळ बदलते त्या जागेवरून) जाताना दिवा लवतोच. त्यासाठी डब्याच्या आतल्या डीसी पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर लावला. चार्ज होताना १०० ओहममधून, देताना डायोडमधून. १६ व्होल्टचा स्वस्त मिळतो, पण रुळांवर १४-१५ व्होल्ट असताना तो घेऊ नका.

ज्यांना दिवेच हवेत त्यांनी आवाजाच्या डीकोडरवर खर्च करू नये. चार आउटपुटचा साधा डीकोडर घ्या आणि वाचलेल्या पैशात प्रत्येक डब्याखालच्या दोन्ही बोगींना (चाकांच्या सांगाड्यांना) पत्त्या बसवा.