आधी सेंटर की आधी सबवूफर?

होम थिएटरचा रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा डबा), पाच छोटे सॅटेलाइट स्पीकर आणि सबवूफर (फक्त खालचा, जड आवाज काढणारा स्पीकर) असा पॅकेजचा संच घरात आहे, हाताशी तीस-चाळीस हजार जमलेत आणि आधी काय बदलायचं ते ठरत नाहीये. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हा प्रश्न तीन दुकानांत विचारला तर तीन उत्तरं मिळतात. मला तरी मिळाली. एकाने सबवूफर सांगितला, दुसऱ्याने रिसीव्हर, तिसऱ्याने सगळंच नवीन घ्या म्हटलं. हा निर्णय मी दोन वर्षांपूर्वी घेतला. आमचं घर मुलुंडला, चौथ्या मजल्यावर. हॉल १० बाय १५ फुटांचा, खिडकी एलबीएस रोडच्या बाजूला. पुढचं सगळं त्या हॉलमधल्या अनुभवावरून आहे. तुमचं घर वेगळं असेल तर हिशोबही थोडा वेगळा लागेल.

खरी निवड सेंटर, म्हणजे टीव्हीजवळचा मधला स्पीकर, आणि सबवूफर यांच्यातच करायची असते असं मला वाटतं. मागचे सराउंड खुशाल जुनेच राहू द्या. रिसीव्हरबद्दल पुढे सांगतो.

सबवूफरचा मोह खोटा नाही. एका मित्राने त्याचा १२ इंची सब मला आठ दिवस वापरायला दिला होता. पॅकेजमधला आमचा जुना सब नुसता 'धप्' करायचा. याच्यातून ढगांचा गडगडाट आला तेव्हा घरातले सगळे सावरून बसले. पहिल्याच दिवशी एवढा फरक दुसरी कुठलीही वस्तू दाखवत नाही, हे मान्य करायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी सोफ्याच्या टोकाला बसलो तर खोली घुमत होती, आणि मधोमध सरकलो तर तोच बेस गायब. दोष सबचा नव्हता. समोरासमोरच्या भिंती १० फुटांवर असल्या की ५६ हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्यांच्यामध्ये अडकून राहतो, १५ फुटांवर असल्या की ३७-३८ हर्ट्झचा. मग तेवढेच सूर भिंतीजवळ फुगतात आणि मध्यावर मरतात. सबची जागा बदलून पाहता येते, पण आपल्या हॉलमध्ये त्याला जागा अशा किती असतात? आमच्याकडे दोन होत्या, खिडकीखाली किंवा चपलांच्या कपाटाशेजारी.

पाचव्या दिवशी रात्री साडेनऊला खालचे काका वर आले. भांडायला नाही, काळजीने. "अरे, वर काही तोडफोड चालू आहे का? आमच्या मांडणीतल्या ताटल्या वाजतायत." मोबाइलवरच्या ॲपवर तर आवाज बेताचा दिसत होता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ज्या 'ए' पट्टीवर ती मोजतात, ती ५० हर्ट्झचा आवाज जवळपास ३० डेसिबलने कमी धरते. म्हणजे आकडा बेताचा आणि खाली ताटल्या वाजतायत, हे एकाच वेळी होऊ शकतं. सबखाली रबराचे पाय लावून पाहिले. फरशीत थेट उतरणारी थरथर थोडी कमी झाली, हवेतून स्लॅबला भिडणारी तशीच राहिली.

तरीही मी कदाचित सबच घेतला असता. मला अडवलं ते रिमोटने.

आई सत्तरीची आहे. रात्री जेवणं झाली की आम्ही एकत्र सिनेमा लावतो. पडद्यावर दोघं हळू बोलत असतात, आई विचारते, "काय म्हणाला तो?" मी आवाज २८ वर नेतो. तेवढ्यात पार्श्वसंगीत चढतं, गाडी उडते, आणि आतल्या खोलीत मुलगी झोपलेली म्हणून मी घाईघाईने १८ वर येतो. परत कुजबुज, परत "काय म्हणाला?" दहा सेकंद मागे, परत २८. रोज हेच. काही दिवसांनी आईने विचारणंच सोडलं आणि नुसती चित्रं बघत बसायला लागली. ते मला सहन झालं नाही.

वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं उणं होत जातं, आणि स, श, थ, फ हे वर्ण ओळखू येतात ते तिथूनच. 'सात' म्हणाला की 'साथ', हे ठरतं ते त्या निसटत्या हवेवर. त्यात डोक्यावर पंखा पाचवर, खिडकी उघडी, खाली रस्ता. आणि सिनेमातले बहुतेक संवाद ज्या सेंटरमधून येतात तो आमच्याकडे म्हणजे तीन इंची शंकूची एक डबी. अशा सॅटेलाइटला खालचा आवाज झेपत नाही म्हणून रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर (ज्या सीमेखालचा आवाज सबकडे वळतो ती) १५० हर्ट्झवर ठेवावा लागत होता. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे माणूस बोलतोय समोर टीव्हीवर आणि त्याच्या आवाजाचा भरदारपणा येतोय खिडकीखालच्या सबमधून. एकदा बातम्या चालू असताना मी त्या सबला कान लावून ऐकलं. शब्द एकही नाही, नुसती घुमी गुणगुण. सब मोठा घेतला असता तर ती गुणगुणच दमदार झाली असती.

म्हणून सेंटर घेतला. निवडताना एक गोष्ट नीट बघा. बहुतेक सेंटर आडवे असतात, दोन बाजूंना खालच्या-मधल्या आवाजाचे दोन वूफर आणि मध्ये वरच्या आवाजाचा ट्वीटर. अगदी समोर बसणाऱ्याला ते चांगलेच वाटतात. बाजूला सरकलं की दोन वूफरचे आवाज कानापर्यंत किंचित मागेपुढे पोहोचतात आणि नेमके बोलण्याच्या पट्टीत एकमेकांना खातात. आईची खुर्ची बाल्कनीच्या दाराशी, म्हणजे बाजूलाच. त्यामुळे चार-पाच हजार जास्त देऊन मी थ्री-वे घेतला, ज्यात मधोमध मिडरेंज (मधल्या पट्टीचा शंकू) आणि त्याच्या डोक्यावर ट्वीटर असतो. तो निघाला नऊ इंच उंच आणि टीव्ही युनिटचा कप्पा साडेसात. सुताराकडून फळी खाली घेतली. आत ढकलून ठेवला तेव्हा आवाज पिंपातून आल्यासारखा येत होता. मग कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढला, पुढच्या बाजूखाली दाराचा रबरी स्टॉपर सरकवून तोंड कानांच्या दिशेने वर केलं, तेव्हा कुठे मोकळा झाला. क्रॉसओव्हर ८० वर आला. आता आवाज २२ वर लावतो आणि बहुतेक वेळा सिनेमा संपेपर्यंत तिथेच राहतो. आई अजूनही विचारते, पण एका सिनेमात एकदा, फार तर दोनदा.

सेंटरची दुसरी बाजूही आहे. समोरचे डावे-उजवे स्पीकर, म्हणजे फ्रंट, जुनेच राहिल्याने वर्षभर एक गोष्ट खटकत राहिली. ट्रक डावीकडून उजवीकडे गेला की मध्यावर त्याचं इंजिन बदलल्यासारखं वाटायचं. म्हणून कंपनीच्या ज्या मालिकेतले फ्रंट पुढे परवडतील त्याच मालिकेतला सेंटर आज घ्या. ध्वनिमिश्रणातच संवाद दबलेले असतील तर तिथे कुठलाही सेंटर काही करू शकत नाही. आणि पैसे घालण्याआधी रिसीव्हरमधला नाइट मोड (मोठे आवाज दाबून हळू आवाज वर आणणारी सोय) लावून, सेंटरची पातळी दोन-तीन डेसिबल चढवून बघा. त्यावर मी चार महिने काढले. तुम्ही एकटेच मधोमध बसून बघत असाल तर दोन चांगले फ्रंटही आवाज मध्ये उभा करतात, सेंटरची घाई नाही. तळमजल्यावर राहत असाल आणि मारधाडीचे सिनेमेच जास्त बघत असाल, तर आधी सब घेण्यात चूक आहे असं मी म्हणणार नाही.

रिसीव्हरचं मात्र मला पटलं नाही. ७० वॉटचा १०० वॉट केला तर हाती लागतात दीड डेसिबल, कानाला जेमतेम कळतील इतके. एखादं पोर्ट गेलं असेल, खोलीप्रमाणे आवाज जुळवून घेणारी माइकची सोय नसेल, किंवा ब्लू-रे डिस्कवरचा ट्रूएचडी, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेला आवाज, टीव्हीमार्गे न्यायचा म्हणून ईआर्क (टीव्हीतून रिसीव्हरकडे आवाज नेणाऱ्या 'आर्क' या एचडीएमआय सोयीची नवी आवृत्ती) हवं असेल, तर बदला. स्ट्रीमिंगवरचा ॲटमॉस (वरूनही आवाज आल्याचा भास देणारा प्रकार) साध्या आर्कमधूनही जातो. माझा रिसीव्हर अजून तोच आहे. फ्रंट गेल्या वर्षी आले, आणि यंदा १० इंची, बंद पेटीचा सब आला. तो रात्री साडेनऊला बंद होतो, तसं खालच्या काकांशी ठरलंय.

दुकानात डेमो घेताना गडगडाटाचे प्रसंग लावू देऊ नका. घरी ज्या दृश्यात शब्द निसटतात तेच लावायला सांगा. सब बंद ठेवा, आवाज घरच्याइतकाच, शक्य असेल तर पंखाही चालू. मधल्या खुर्चीवरून उठून तीन फूट बाजूला बसा आणि पडद्याकडे न बघता ऐका. आणि निघण्यापूर्वी टीव्ही युनिटच्या कप्प्याची उंची, खोली आणि मागे वायरला लागणारे दोन इंच मोजून बरोबर न्या.