गोव्यात स्वतःचं छोटं विमान: जुनं सेस्ना १७२ की रोटॅक्स इंजिनाचं दोन आसनी?

जूनमध्ये पाऊस धरला की गोव्यातलं छोटं खासगी विमान सप्टेंबरअखेरपर्यंत बहुतेक वेळ जागेवरच बसतं. १ जून ते ३१ जुलै अशा ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत मालिमच्या जेटीवर ट्रॉलर बांधून ठेवलेले असतात. उभ्या इंजिनाला चालत्या इंजिनापेक्षा जास्त जपावं लागतं, हे ट्रॉलरवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. विमान घेणाऱ्यानेही पहिला हिशेब तिथूनच मांडावा. कोणतं विमान किती वेगाने जातं हे नंतर बघता येईल. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस कोणतं विमान कमी खर्चात सोसेल, हे आधी बघायला हवं.

मध्यम बजेटमध्ये खरे पर्याय दोनच उरतात. एक, सत्तरच्या दशकातलं चार आसनी सेस्ना १७२, लायकमिंग ओ-३२० इंजिनाचं. दुसरं, ६०० किलो वजनमर्यादेतलं दोन आसनी हलकं विमान, रोटॅक्स ९१२ इंजिनाचं.

उभ्या इंजिनाचं काय होतं

लायकमिंगचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या वर बसतो. इंजिन बंद झालं की तेल हळूहळू खाली ओघळतं आणि काही आठवड्यांत कॅमचे लोब (उंचवटे) आणि त्यांवर टेकणारे टॅपेट जवळपास कोरडे पडतात. गोव्याच्या दमट हवेत त्यावर बारीक गंज धरतो. पुढच्या उड्डाणात तो गंज घासला जातो, पृष्ठभागावर खड्डे पडतात आणि मग पोलादाचे कण तेलात उतरायला लागतात. कॅम गेला की इंजिन पूर्ण उघडावंच लागतं. जुन्या सेस्नाच्या मालकाला बसणारा सर्वांत मोठा फटका हाच, आणि तो बहुतेक वेळा न उडवल्यामुळे बसतो.

यावर दोन घरगुती उपाय सर्रास केले जातात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला, आठवड्यातून एकदा जमिनीवर दहा मिनिटं इंजिन चालवणं. तेलातली वाफ उडून जायला तेल साधारण ७५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापून तिथे बराच वेळ टिकावं लागतं. जमिनीवर ते होत नाही, उलट जळणातून तयार झालेलं पाणी तेलात भर घालतं. दुसरा उपाय, हाताने पंखा (प्रोपेलर) फिरवणं. त्याने कॅमवर उरलंसुरलं तेलही पुसलं जातं आणि नवीन तेल काही पोचत नाही.

रोटॅक्समध्ये मात्र तोच हात लागतोच. त्याचं तेल वेगळ्या टाकीत असतं. पातळी बघण्याआधी दोन्ही इग्निशन बंद करून पंखा हाताने त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवायचा, टाकीतून गुडगुड आवाज येईपर्यंत. मग पट्टी बघायची. पट्टीवरच्या वरच्या आणि खालच्या खुणेत ०.४५ लिटरचं अंतर असतं. पंखा उलटा फिरवला तर तेलाच्या वाटेत हवा शिरते आणि टॅपेट कोरडे चालतात. सेस्नावर शिकून रोटॅक्सकडे वळणाऱ्याची पहिली चूक इथे होते.

सेस्ना पावसाळ्यात उभं राहणार असेल तर मेअखेर इंजिन नीट बंदिस्त करा. गंजरोधक तेल भरून तासभर उडवायचं. वरचे चार प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये, पिस्टन खाली असताना, साधारण ६० मिलिलिटर तेल फवारायचं. त्यानंतर पंखा हलवायचा नाही, त्यावर तशी पाटी लावायची. प्लगच्या जागी सिलिका जेलचे प्लग बसवायचे, एक्झॉस्ट आणि ब्रीदरची (इंजिनाच्या श्वासनळीची) तोंडं जेलच्या पिशव्या घालून बंद करायची. जेल निळं असेल तर ठीक. गुलाबी झालं की बदला. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी जाऊन बघणं भाग आहे, आषाढात तर त्याहून लवकर.

रोटॅक्सचे सिलिंडर निकासिलचा थर दिलेल्या ॲल्युमिनियमचे असतात, ते गंजत नाहीत. त्या बाबतीत हे इंजिन गोव्याला जास्त मानवतं. पण त्याचं रबर कॅलेंडरवर चालतं. इंधन, तेल आणि कूलंटच्या नळ्या, इंधनपंप, कार्ब्युरेटरची रबरी फ्लँज हे सगळं दर ५ वर्षांनी बदलायचं, उडा किंवा नका उडू. बिंग कार्ब्युरेटरचे फ्लोट इंधन पिऊन जड होतात. एका कार्ब्युरेटरच्या दोन फ्लोटचं मिळून वजन ७ ग्रॅमपेक्षा जास्त भरलं तर फेकून द्या. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा त्यासाठी पुरतो.

ओव्हरहॉल म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करणं. त्याच्या बाबतीत ‘दर २,००० तासांनी’ या आकड्याला भुलू नका. लायकमिंग १२ वर्षांची मर्यादाही सांगते, रोटॅक्सच्या अलीकडच्या इंजिनांना ती १५ वर्षं आहे. वर्षाला ६० तास उडवणाऱ्याचे १२ वर्षांत ७२० तास होतात, १५ वर्षांत ९००. ओव्हरहॉलचा खर्च २,००० ने नव्हे, या खऱ्या तासांनी भागा. तासाचा आकडा दुपटीहून वर जातो.

इंधन

सेस्ना तासाला ३० ते ३४ लिटर पितं, रोटॅक्स १५ ते २०. वर्षाला ६० तास धरले तर सेस्नाला १,९०० लिटरच्या वर, म्हणजे २०० लिटरची नऊ-दहा बॅरलं. रोटॅक्सला साधारण १,०५० लिटर. सेस्नाला ॲव्हगॅस १००एलएल, म्हणजे विमानाचं शिसेयुक्त पेट्रोल लागतं. २०२२ पासून इंडियन ऑइल ते देशात तयार करते, त्याआधी सगळं आयात व्हायचं. जेट इंधन प्रत्येक मोठ्या विमानतळावर असतं, ॲव्हगॅस नसतं. घेण्याआधी पुरवठ्याची लेखी व्यवस्था करून ठेवा.

‘रोटॅक्स गाडीच्या पेट्रोलवर चालतं’ हे ऐकून हुरळून जाऊ नका. १०० अश्वशक्तीच्या ९१२ यूएलएसला किमान ९५ ऑक्टेन लागतं आणि इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालतं. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. ते पाणी ओढून घेतं, तळाशी पाण्या-इथेनॉलचा वेगळा थर बसतो आणि काही फायबरच्या टाक्यांचं रेझिन त्याने मऊ पडतं. तपासणी सोपी आहे. मोजपट्टीच्या काचनळीत १० मिलिलिटर पाणी आणि ९० मिलिलिटर पेट्रोल घालून जोरात हलवा, दहा मिनिटं ठेवा. खालचा पाण्याचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. तो २० च्या आसपास किंवा वर गेला तर कॅन परत न्या.

चांगलं पेट्रोल मिळालं नाही तर रोटॅक्समध्येही ॲव्हगॅस घालता येतं. मात्र त्यातल्या शिशामुळे तेल दर २५ तासांनी बदलावं लागतं आणि गिअरबॉक्सच्या क्लचची तपासणी लवकर येते. तरी तेलाचा खर्च कमीच. रोटॅक्समध्ये एका वेळी ३ लिटर, वर्षाला फार तर ९. सेस्नात एका वेळी साडेसात लिटर, आणि तास कितीही झाले तरी दर चार महिन्यांनी, म्हणजे वर्षाला २२-२३ लिटर.

खारी हवा

सेस्नाचं सगळं अंग ॲल्युमिनियमचं. त्या काळच्या बऱ्याच सेस्नांना आतून गंजरोधक लेप नव्हता, तो जादा पैसे मोजून घ्यावा लागे. किनाऱ्यावरच्या विमानाला एसीएफ-५० सारखा गंजरोधक द्रव वर्षातून एकदा पंख, शेपटी आणि केबिनच्या तळात फवारायलाच हवा. दाबोळीला उडून आलात की गोड्या पाण्याने धुवा आणि पंखाखालची निचऱ्याची बारीक भोकं उघडी आहेत ना बघा. कंट्रोल केबलवरून, पुलीपाशी, सुती फडकं फिरवा. तुटलेली तार धाग्याला अडकते, डोळ्यांना दिसत नाही.

इंधन भरायच्या झाकणांची रबरं जुनी होऊन कडक झाली की पावसाचं पाणी थेट टाकीत जातं. दोन्ही पंखांखालून आणि गाळणीतून नमुना काढून उजेडात धरा. ॲव्हगॅस निळं दिसतं, पाणी खाली स्वच्छ मण्यासारखं बसतं. मणी दिसेनासा होईपर्यंत काढत राहा. आणि कुंभारीण माशी! पावसाळ्यात ती वेग मोजणारी पिटो नळी आणि इंधनटाकीचा व्हेंट (हवेचं भोक) मातीने लिंपून टाकते. व्हेंट बुजला की टाकीत हवा जात नाही आणि भरल्या टाकीनिशी इंजिन उपाशी राहतं.

दोन आसनी विमान कंपोझिटचं, म्हणजे फायबर-रेझिनचं असेल तर ते गंजत नाही, पण त्याचे बोल्ट, बेअरिंग, ब्रेकच्या डिस्क गंजतातच, आणि ऊन त्याला खातं. त्याला सावली हवीच. सेस्ना एखादा उन्हाळा उघड्यावर काढेल.

माणसं किती

सेस्नात पूर्ण इंधनावर साधारण २८० किलो उरतं, म्हणजे तीन मोठी माणसं आणि सामान. दोन आसनीत दोन माणसं आणि एक पिशवी. चार आसनं बघून चौघांचं कुटुंब आणि नारळाची गोण भरायची, असं चालणार नाही.

ठेवायचं कुठे आणि कुणाबरोबर

दाबोळी हा नौदलाचा तळ, तिथे नागरी विमानाला नौदलाच्या वेळापत्रकात बसावं लागतं. मोपा पठारावर आहे, तरी समुद्र फार लांब नाही. चोर्ला घाटातून तीनेक तासांवर बेळगाव आहे, ७५० मीटर उंचीवर, खाऱ्या वाऱ्यापासून दूर. तिथे वैमानिक प्रशिक्षण संस्था आहेत, म्हणजे अशी इंजिनं रोज हाताळणारे इंजिनिअरही. पाऊस तिथेही भरपूर, पण मीठ नाही. सेस्ना घ्यायचं तर आम्ही बेळगावचा हँगर सुचवू. रविवारी सहा तास गाडीत गेले तरी कॅम वाचतो.

सेस्ना एकट्याने घेऊ नका. तिघांनी वर्षाला प्रत्येकी ४० तास उडवलं तर १२० तास होतात आणि कोरड्या आठ महिन्यांत इंजिन दर आठवड्याला तापतं. एकट्याला वर्षाला ५० तासांच्या आतच उडायचं असेल आणि गोव्यातच पक्कं छप्पर मिळत असेल, तर रोटॅक्स घ्या. नवं आयात करताना खासगी वापराच्या विमानावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी लागतो, म्हणून भारतात आधीच व्हीटी (भारतीय विमानांची खूण) नोंदणी असलेलं, हवाईयोग्यतेचे कागद चालू असलेलं विमान आधी शोधा.

बयाणा देण्याआधी सेस्नाचा तेलाचा फिल्टर समोर कापून घ्या. कागदाच्या घड्या उलगडून त्यावरून लोहचुंबक फिरवा. पोलादाचे कण चिकटले तर एक सिलिंडर काढून कॅम डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग पायलटच्या आसनाचे रूळ बघा. झिजलेल्या भोकातून खीळ निसटली तर टेकऑफच्या वेळी आसन मागे सरकतं आणि हात स्टिअरिंगला पोचत नाहीत. शेवटी लॉगबुक उघडा आणि कोरे महिने मोजा.