छोटा जनरेटर घेतला, एक युनिट दोन हजाराला पडलं

तीन वर्षं वापरून मग लिहितोय, त्यामुळे डबा उघडला, मस्त वाटला, पाच स्टार, असला हा रिव्ह्यू नाही. १ केव्हीएचा पेट्रोलवाला इन्व्हर्टर जनरेटर, सुटकेससारखा हँडलवाला, वजन वीसेक किलो, २०२२ च्या दिवाळीआधी अमरावतीहून ३४,००० ला आणला. कंपनीचं नाव नाही सांगत, कारण खरं पाहिलं तर मशीनवर माझा राग नाहीच, हिशोब न करता घेतली त्याचा आहे.

आम्ही मोर्शीकडचे, संत्र्याचा बगीचा आहे. पाच-सहा मित्र मिळून कधी सिंभोरा धरणाकडे एखाद्या ओळखीच्याच्या वावरात, कधी चिखलदऱ्याला, नाहीतर सरळ आपल्याच बगीच्यात तंबू ठोकतो, गोवऱ्यांवर रोडगे, वांग्याची भाजी, आणि रात्रभर गप्पा. लाइट म्हणजे मोबाइलचा टॉर्च. मग एकजण म्हणाला जनरेटर घेऊ बे, उन्हाळ्यात कूलर लावता येईल. तंबूत कूलर. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की असली आयडिया कोणालाच येडपट वाटत नाही.

घरी आणला तर बाबांनी चारही बाजूंनी फिरून पाहिला आणि पहिला प्रश्न, "याच्यावर आपली बोअरची मोटर चालन का?" म्हटलं नाही बाबा, तिले थ्री फेज लागते, ५ एचपीची आहे, हा तेवढा ओढत नाही. "मंग आनलं कायले एवढ्या पैशाचं?" तेव्हा हसलो होतो.

घेताना मी फक्त डब्यावरचा १ केव्हीए वाचला, हजार वॅट समजलो, मागच्या प्लेटवर रेटेड ९०० वॅट लिहिलंय ते नंतर दिसलं. तुम्ही घेत असाल तर प्लेटच वाचा. पहिल्याच कॅम्पला एका मित्राने घरून चहाची इलेक्ट्रिक केटली आणली होती, १५०० वॅटची, लावल्याबरोबर ओव्हरलोडचा लाल दिवा आणि सगळं अंधारात, चहा शेवटी चुलीवरच झाला. चिखलदऱ्याला तर अजून कमी, उंचीवर हवा विरळ असते म्हणून इंजिनची ताकद दर ३०० मीटरला साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते, आणि चिखलदरा आहे अकराशे मीटरवर, म्हणजे ९०० चे आठशेही उरत नाहीत.

आता पैशाचं. मी वहीत लिहून ठेवतो, बगीच्याच्या खर्चाच्या वहीतच मागच्या पानावर. तीन वर्षांत २१ रात्री, ६२ तास चालला. पेट्रोल ३८ लिटर, म्हणजे धरा ४,०००, त्यातलं तीन-चार लिटर तर जुनं झालं म्हणून काढून बाइकमध्ये टाकलं. ऑइल तीनदा बदललं, मजुरी धरून १,४००. पहिलं ऑइल २० तासांनंतरच बदलायचं असतं, नव्या इंजिनातला धातूचा भुगा त्यात उतरतो, मी ३५ तासांनी बदललं, मेकॅनिकने दोन बोटांत चोळून दाखवलं, चमकत होतं. सोबत वीस मीटरची जाड वायर, पेट्रोलची कॅन, फनेल, साखळी-कुलूप मिळून २,३५०, हे कोणी घ्यायच्या आधी सांगत नाही. ओढायची दोरी तुटली त्याचे ३५०. कार्बोरेटर दोनदा साफ १,२००, तिसऱ्यांदा नवीनच टाकला २,२००. सगळं मिळून ४५,५००. आज मेकॅनिक त्याचे १४,००० देतो म्हणतो, ते वजा केले तर ३१,५००, म्हणजे रात्रीला बरोबर दीड हजार. सरासरी २५० वॅटचा लोड धरला तर ६२ तासांत साडेपंधरा युनिट वीज तयार झाली, करा भागाकार. दोन हजार रुपये युनिट! नुसतं पेट्रोल धरलं तरी अडीचशेच्या वर जातं, आणि महावितरणचं बिल आलं की आपण किती बोंबलतो.

आमच्याच गावात मंडप डेकोरेशनवाला असाच छोटा जनरेटर दिवसाला ६०० ने देतो, बिघडला तर त्याचा तो पाहतो, हे मला खर्चाची बेरीज करायला बसलो तेव्हा कळलं.

कार्बोरेटरबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळ्यांचं इथंच फसतं. दिवाळीला वापरला, टाकीत अर्धं पेट्रोल तसंच ठेवून कोठ्यात पोत्याखाली झाकून ठेवला, थेट मे महिन्यात काढला. दोरी ओढून ओढून खांदे गेले, तिघांनी पाळीपाळीने ओढली, एकदाही स्टार्ट नाही घेतला. मेकॅनिककडे नेला. त्याने खालची वाटी खोलली, तळाला तपकिरी चिकट थर, गुळाच्या काकवीसारखा, वास मात्र जुन्या वार्निशचा. जेटचं, म्हणजे पेट्रोल ज्यातून इंजिनाकडे जातं त्या नळीचं, भोक सुईच्या टोकाएवढं, तेच बंद. त्याने वायरची एक तांब्याची तार सोलून भोकात घातली, फुंकर मारली, उजेडाकडे धरून पाहिलं आणि म्हणाला, "भौ, ठेवतानी पेट्रोल काहाडत जा ना, हे काही ट्रॅक्टर नोहे." त्यात आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्यातलं इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणजे पावसाळाभर टाकीत पेट्रोल ठेवणं तर सोडूनच द्या. पद्धत सोपी आहे, टाकी रिकामी करायची आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. मला माहीत झाल्यावरही पुढच्या वर्षी पुन्हा विसरलो, म्हणून दोनदा साफ.

आवाज. कंपनी म्हणते साठ डेसिबलच्या आत, दुकानात समोर रस्ता चालू असतो तेव्हा खरंच काही वाटत नाही. धरणाकाठी रात्री अकराला लावा मग कळतं, पाण्यावरून आवाज किती लांब जातो. पलीकडच्या वावरात एक काका जागलीला होते, तिकडूनच ओरडले, "बंद करा बे ते, डुकरं आली तं आयकू येणार नाही!" त्यांचं खरंच होतं, जागलीचा माणूस कानावरच जागतो. २००० सालच्या नियमात वस्तीतली रात्रीची मर्यादाच ४५ डेसिबल आहे, वावरात कोणी मोजायला येत नाही ती गोष्ट वेगळी. बंद केला, कूलरही बंद, आणि मग वारा सुटला तर कूलरची गरजच नव्हती.

एक गंभीर गोष्ट. चिखलदऱ्याला ऑगस्टमध्ये पाऊस आला म्हणून आम्ही जनरेटर तंबूच्या बाजूला ताडपत्रीखाली ओढून घेतला, धुराचं तोंड बाहेर होतं पण वारा फिरला. अर्ध्या तासात दोघांचं डोकं ठणकायला लागलं, एकाला मळमळलं, आम्ही आधी घाटाला दोष दिला, कारण येताना टाकीच्या झाकणावरची हवेची चावी उघडी राहिली होती आणि गाडीभर पेट्रोलचा वास भरलेला. पण तो धूर होता, कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास ना रंग. जागे होतो म्हणून बाहेर पळालो. झोपेत असतो तर हे लिहायला मी नसतो. तंबूपासून निदान वीस फूट लांब ठेवा, धुराचं तोंड तंबूच्या उलट दिशेला, आणि झोपताना बंदच. वीस मीटरची वायर त्यासाठीच. पाऊस आला तर जनरेटर बंद करायचा आणि अंधारात बसायचं.

बरं, कामाला कधी आला? मागच्या वर्षी मार्चमध्ये आमच्याकडची डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, जळाली, नवीन यायला चार दिवस लागले. पुतणीची दहावीची परीक्षा चालू होती. दोन बल्ब, एक पंखा, सगळ्या गल्लीचे मोबाइल चार्जिंगला. त्या चार रात्री तो अंगणात गुरगुरत होता आणि कोणालाच आवाजाचा त्रास झाला नाही, उलट शेजारच्या काकू दूध घेऊन आल्या. वरच्या २१ रात्रींत त्या चारही आहेत. म्हणजे घरात पेशंट आहे, दुकान आहे, डीपी सारखी जळते, अशा माणसाने घ्यावा, मी नाही म्हणणार नाही. चालतो चांगला, मोबाइल-लॅपटॉपला काही झालं नाही, इको मोडवर, म्हणजे लोड कमी असला की इंजिन हळू चालतं तेव्हा, पेट्रोलही कमी पितो. पण वर्षातून सहा-सात रात्रींसाठी घेऊ नका.

कॅम्पला आता आम्ही काय नेतो सांगू? फवारणी पंपाची बॅटरी. १२ व्होल्ट १२ अँपिअर-अवरची, घरात होतीच, त्यावर ९ वॅटचा डीसी बल्ब रात्रभर आरामात जातो आणि एखाद-दोन मोबाइल चार्ज होतात. आवाज नाही, धूर नाही. कूलर नाही चालत. तर गरमी झाली की खाट संत्र्याच्या झाडाखाली ओढायची.

जनरेटर विकायला काढलाय, १६,००० सांगतोय, कार्बोरेटर नवीन आहे, टाकी रिकामी ठेवली आहे. परवा एक गिऱ्हाईक आलं होतं, चारही बाजूंनी फिरून पाहिलं आणि विचारलं, "याच्यावर बोअरची मोटर चालन का?"