हनिमूनसाठी शांत क्रूझ: मुलं कमी म्हणजे आवाज कमी, असं नसतं

मला दोन्ही कानांना श्रवणयंत्र लागतं. यंत्र आवाज मोठा करतं, पण हवा कुठला आणि नको कुठला हे त्याला नीट निवडता येत नाही. पूलवरचं संगीत, पाण्यात धपाधप उड्या मारणारी मुलं, खुर्च्या सरकवल्याचा आवाज आणि समोर बसलेल्या नवऱ्याचं वाक्य, सगळं एकदमच कानावर येऊन आदळतं. त्यामुळे हनिमूनला क्रूझ घ्यायचं ठरलं तेव्हा माझी एकच अट होती: टेबलावर तो काय बोलतोय ते मला पहिल्या खेपेला कळलं पाहिजे. मुलांशी माझं वैर नाही, भाचरंडं माझ्या अंगाखांद्यावर वाढली आहेत. पण हा प्रवास आमच्या दोघांच्या गप्पांसाठी होता.

शोध सुरू केला की सगळे एकच सांगतात, 'फक्त प्रौढांसाठी' असलेलं जहाज घ्या. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. व्हर्जिन व्हॉयेजेसच्या जहाजांवर १८ वर्षांखालच्या कोणालाही प्रवेश नाही. पण तिथे सुमारे २,७७० प्रवासी असतात आणि सगळा बाज उत्सवाचा आहे: रात्रीच्या पार्ट्या, डीजे, अगदी टॅटू काढून घ्यायचं दुकानसुद्धा. ज्या जोडप्याला लग्नानंतरही नाचायचं आहे त्याने डोळे झाकून घ्यावं. माझ्यासारखीने घेऊ नये. वायकिंगच्या समुद्री जहाजांचीही वयाची अट तीच, १८. पण प्रवासी साधारण ९३० आणि कॅसिनो मुळीच नाही. नियम एकच असूनही जहाजं दोन टोकांची निघतात. म्हणून वयाच्या अटीनंतर लगेच विचारायचं, संध्याकाळी तिथे काय वाजतं?

आम्ही वायकिंगचं भूमध्य समुद्रातलं जहाज घेतलं आणि मी पूर्ण समाधानी आहे. कॅसिनो नाही म्हणजे यंत्रांची ती अखंड किणकिण नाही, हे आधी कागदावर वाचून मला फारसं महत्त्वाचं वाटलं नव्हतं. प्रत्यक्षात सगळ्यात मोठा फरक तिथेच जाणवला. जहाजाच्या नाकाशी दोन मजली उंच काचांची एक्सप्लोरर्स लाउंज आहे. सकाळी तिथे पुस्तकं घेऊन बसलेली माणसं असतात आणि दबक्या आवाजात बोलतात. प्रत्येक केबिनला बाल्कनी आहे. स्पामधला गरम पाण्याचा भाग आणि बर्फाची खोली भाड्यातच धरलेली आहे. नवरा त्या बर्फाच्या खोलीतून लालबुंद होऊन बाहेर यायचा आणि लगेच पुन्हा आत जायचा. जेवणाची वेळ किंवा टेबल ठरलेलं नसतं, तेव्हा गर्दी ओसरल्यावर जाता येतं. मी भिंतीकडे पाठ करून बसायचे, म्हणजे मागून येणारा आवाज तुटतो आणि समोरचं बोलणं स्पष्ट होतं. आम्ही खूप बोललो. इतकं सलग बोलणं आमचं लग्नाआधीही झालं नव्हतं.

एक गोष्ट माहीत असू द्या. तिथले बहुतेक प्रवासी निवृत्त झालेले असतात आणि संध्याकाळ लवकर मावळते. आम्हाला तेच हवं होतं. बरोबरीच्या वयाची जोडपी भेटावीत, मैत्री व्हावी असं वाटत असेल, तर हे जहाज तुमचं नाही. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून सुटणारी पी अँड ओ कंपनीची आर्केडिया आणि ऑरोरा हीसुद्धा प्रौढांसाठीची जहाजं आहेत, त्यांचाही विचार करता येतो.

मोठं, सगळ्यांसाठीचं जहाजच घ्यायचं असेल तर मुलांचा अंदाज बांधायला माझ्याकडे एक युक्ती आहे. प्रत्येक जहाजाचे प्रवासीसंख्येचे दोन आकडे असतात: एका केबिनमध्ये दोन माणसं धरून येणारा आणि जास्तीत जास्त किती मावतात तो. आयकॉन ऑफ द सीजचा पहिला आकडा ५,६१० आणि दुसरा सुमारे ७,६०० आहे. मधली दोनेक हजार माणसं भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या पलंगांवर आणि सोफ्यांवर झोपतात. ती सगळीच मुलं नसतात, पण हे पलंग कोणासाठी केलेत हे उघड आहे. दोन आकड्यांत जितकं अंतर, तितकं ते जहाज कुटुंबांचं. अंतर जवळजवळ नसेल तर जहाज दोघादोघांसाठी बांधलेलं आहे.

सुट्ट्या पाहताना आपल्या शाळांच्या नाही, जहाज ज्या बंदरातून सुटतं त्या देशातल्या शाळांच्या पाहायच्या. अमेरिकेतून सुटणारं असेल तर जून ते ऑगस्टचा मध्य, नाताळ आणि मार्चपासून एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या वसंताच्या सुट्ट्या टाळा. इंग्लंडहून असेल तर जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतचा काळ, शिवाय फेब्रुवारीच्या मध्यातला आणि ऑक्टोबरच्या शेवटचा सुट्टीचा आठवडाही. सिडनीहून असेल तर नाताळ आणि सगळा जानेवारी. सप्टेंबरात कॅरिबियनमध्ये मुलं कमी दिसतात खरी, पण तिथला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो आणि सप्टेंबर म्हणजे त्याचा ऐन भर. वादळ आलं की जहाज वाट बदलतं, म्हणजे ठरलेली बेटं चुकू शकतात. मी त्यापेक्षा हंगाम संपत आलेला असतानाची भूमध्य समुद्रातली सफर घेईन. सफर किती रात्रींची आहे तेही पाहा. तीन-चार रात्रींच्या सफरी गोंगाटाच्या, दहापेक्षा जास्त रात्रींच्या निवांत, कारण इतकी रजा आणि इतके पैसे एकदम काढणारी तरुण कुटुंबं थोडी.

अटलांटिक ओलांडणाऱ्या सफरी मला कागदावर फार आवडल्या, जरी आम्ही शेवटी त्या घेतल्या नाहीत. क्वीन मेरी २ साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला साधारण सात रात्रींत जाते, वाटेत एकही बंदर नाही. पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे सरकतं, म्हणजे पाच रात्री तासभर जास्त. नवीन लग्न झालेल्यांना याहून चांगला आहेर कोण देणार? फक्त जुलै-ऑगस्ट सोडून जा.

मोठ्या जहाजांवर प्रौढांसाठी राखून ठेवलेले कोपरेही असतात. कार्निव्हल कंपनीच्या जहाजांवरचं 'सेरेनिटी' मोफत आहे, प्रिन्सेस कंपनीच्या 'सँक्चुअरी'ला वेगळे पैसे पडतात. दुपारपुरती सोय चांगली आहे. पण लिफ्ट, थिएटर आणि जेवणाची जागा सगळ्यांबरोबरच वापरायची असते, तेव्हा एवढ्यावर विसंबून बुकिंग करू नका.

शिडाची जहाजं हा वेगळाच प्रकार. रॉयल क्लिपरला पाच डोलकाठ्या आहेत आणि प्रवासी फक्त २२७. वारा चांगला असला की इंजिन बंद करून नुसत्या शिडांवर चालतात. विंडस्टारचं विंड स्पिरिट तर १४८ जणांचंच. लहान जहाज जास्त हलतं, ज्याला समुद्र लागतो त्याने हे आधीच धरून चालावं. रॉयल क्लिपरवर लिफ्टही नाही.

आता केबिन, कारण चांगल्या जहाजावरही चुकीची केबिन झोप घालवते. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडून आपल्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहा. दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर पूल असेल तर पहाटेच खुर्च्या ओढण्याचा आवाज सुरू होतो. मागे एकदा एका मोठ्या जहाजावर नवरा यामुळे रोज पाचला उठून बसायचा. मी रात्री यंत्रं काढून ठेवते, त्यामुळे मला ऐकू काहीच येत नाही, पण थरथर गादीतून कळते. अगदी मागच्या टोकाला प्रोपेलरची, अगदी पुढे खालच्या मजल्यावर बंदरात शिरताना जहाज आडवं सरकवणाऱ्या पाण्यातल्या पंख्यांची. मधोमध, लिफ्टपासून थोडं दूर, ही जागा मला सगळ्यात बरी वाटते. शेजारच्या केबिनमध्ये उघडणारं दार असलेली केबिन मात्र घेऊ नका. अशा केबिन कुटुंबांना देतात आणि दारातून बोलणं सरळ ऐकू येतं. प्लॅनवर त्याची खूण असते. केबिन कंपनीने निवडून द्यायची, अशा अटीचं स्वस्त तिकीट म्हणूनच आमच्यासाठी बाद होतं.

ज्यांना माझ्यासारखं कमी ऐकू येतं त्यांनी बुकिंगच्या वेळीच तसं कळवा. दार वाजलं की दिवा लागणारं, गजर झाला की उशीखाली थरथरणारं साहित्य पुष्कळ जहाजांवर मिळतं. सुरक्षा सरावाच्या सूचनाही लेखी मागून घ्या.

पैसे भरण्याआधी एजंटला तीन गोष्टी विचारा. त्या सफरीवर १८ वर्षांखालचे किती जण आहेत? नेमका आकडा सगळे देत नाहीत, पण विचारल्यावर अंदाज मिळतो. जहाजाचा मोठा भाग एखाद्या गटाने किंवा संगीत महोत्सवाने घेतलाय का? घेतला असेल तर प्रौढांच्या जहाजावरही शांतता संपली. आणि पलंग. बऱ्याच केबिनमध्ये दोन एकेरी पलंग जोडून एक करतात. ते जोडून ठेवायला बुकिंगमध्येच लिहून घ्या.