नॅप्सचं विद्यावेतन: मालकाला किती पडतं, उमेदवाराच्या खात्यात किती येतं

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना, म्हणजे नॅप्स, 2016 पासून चालू आहे. एमआयडीसीतल्या लहान कारखान्याला ती फायद्याची आहे. मात्र ‘विद्यावेतनाचे पंचवीस टक्के सरकार देतं’ एवढ्याच भरवशावर करार केला तर हिशेब चुकतो, कारण सरकारच्या वाट्याला दर उमेदवारामागे महिन्याला 1,500 रुपयांची मर्यादा आहे.

2019 मध्ये ठरलेल्या किमान दरांवर आकडे मांडून बघा. पाचवी ते नववी शिकलेल्याला 5,000 रुपये, त्यात सरकारचे 1,250. दहावी पास असेल तर 6,000, त्यात 1,500. इथेच मर्यादा संपते. आयटीआय झालेल्या फिटरला 7,000 द्यायचे, म्हणजे मालकाच्या खिशातून 5,500. दुसऱ्या वर्षी विद्यावेतन 10 टक्क्यांनी वाढून 7,700 होतं, सरकारचे मात्र 1,500च राहतात आणि मालकावर 6,200 येतात. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हे दर 5,000–9,000 वरून 6,800–12,300 करण्याची शिफारस केली. मुलांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण 1,500 ची मर्यादा तशीच ठेवली तर सगळी वाढ लहान मालकावर पडेल, आणि योजनेचा सगळ्यात कच्चा भाग हाच आहे. करार भरण्याआधी त्या दिवशी लागू असलेला दर योजनेच्या पोर्टलवर बघून घ्या.

पूर्वी मालक पूर्ण रक्कम द्यायचा आणि नंतर परताव्यासाठी कागद फिरवत बसायचा. 2023 पासून सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होतो. मालकाने आपला हिस्सा बँकेतून द्यायचा आणि त्याचा पुरावा दरमहा पोर्टलवर चढवायचा. हा बदल उत्तम आहे. रोखीने पगार वाटायची सवय असेल तर ती आधी मोडा, रोखीला इथे पुरावाच नाही.

पैसे अडकतात ते बहुतेक वेळा बँकेच्या टोकाला. ‘खात्याला आधार जोडलंय’ असं उमेदवार खात्रीने सांगतो, पण केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि थेट लाभासाठी ते खातं एनपीसीआयकडे (बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) आधारशी जोडलेलं असणं वेगळं. दोन-तीन बँकांत खाती असतील तर पैसे शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मग मुलगा भलतंच पासबुक भरून आणतो आणि ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणतो. म्हणून कराराच्या आधीच बँकेत जाऊन ही जोडणी तपासून घ्यायला सांगा. आधार, गुणपत्रिका आणि पासबुकावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, तेही बघा. वयाची अट 14 ते 35 आहे.

किती उमेदवार घ्यायचे? 30 किंवा जास्त माणसं असतील तर सक्ती आहे: एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के. 4 ते 29 माणसांच्या आस्थापनेला ऐच्छिक. एकूण संख्येत कंत्राटी कामगारही धरायचे. फक्त स्वतःच्या हजेरीपटावरची नावं मोजली की आकडा चुकतो. 40 माणसांचा कारखाना 1 ते 6 उमेदवार घेऊ शकतो.

शिकाऊ उमेदवारी कायद्याखालच्या उमेदवाराला भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होत नाही. ही बचत मोठी आहे, पण करार नोंदलेला असेल तरच. नुसतं ‘ट्रेनी’ म्हणून ठेवलेला मुलगा तपासणीत कामगारच ठरू शकतो. ईएसआय नसल्यामुळे अपघाताची भरपाई मालकाच्या अंगावर येते, तेव्हा प्रेस किंवा लेथवर उभं करण्याआधी त्याचा विमा काढाच.

पदविकाधारक किंवा पदवीधर घ्यायचे असतील तर नॅप्सच्या वाटेला जाऊ नका. शिक्षण मंत्रालयाच्या नॅट्स योजनेत सरकार किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग उचलतं. 2019 च्या दराने पदवीधराच्या 9,000 पैकी 4,500 आणि पदविकाधारकाच्या 8,000 पैकी 4,000. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी हे काम मुंबईचं शिकाऊ प्रशिक्षण मंडळ, म्हणजे बोट, बघतं. त्याचं पोर्टल वेगळं आहे आणि नोंदणीही वेगळी करावी लागते. आयटीआयच्या मुलांसाठी अडलं तर जिल्ह्याच्या बीटीआरआय केंद्रात, म्हणजे शिकाऊ उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या सरकारी केंद्रात जा. पोर्टलवर तक्रार टाकून वाट बघण्यापेक्षा तिथे समोरासमोर काम लवकर उरकतं.