कमोडोर ६४ साठी खरा १५४१ ड्राइव्ह घ्यावा की एसडी कार्ड?

कमोडोर ६४, म्हणजे १९८० च्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, मिळाला, टीव्हीला जोडला, निळ्या पडद्यावर ‘३८९११ बेसिक बाइट्स फ्री’ उमटलं. इथपर्यंत सगळ्यांचा रस्ता एकच असतो. पुढचा प्रश्न लगेच येतो: आता यावर काही चालवायचं कशावरून? कॅसेटची मजा वेगळी आहे, पण सुरुवात करणाऱ्याला मी ती सुचवणार नाही. उरतात दोन सरळ मार्ग. एक म्हणजे त्या काळचा खरा फ्लॉपी ड्राइव्ह, १५४१. दुसरा म्हणजे एसडी२आयईसी, म्हणजे एसडी कार्डातल्या फाइली कमोडोरला फ्लॉपीसारख्या दाखवणारं छोटं यंत्र. दोन्ही माझ्याकडे आहेत आणि दोन्ही वापरात आहेत, त्यामुळे एकाला डोक्यावर घेऊन दुसऱ्याला मोडीत काढायचा माझा विचार नाही. तरी मनातला कौल कुठे आहे ते शेवटपर्यंत लपवणार नाही.

दोन्ही मार्गांना लागू असलेली एक गोष्ट आधी सांगतो. मूळचा पॉवर सप्लाय वापरू नका, तो चालताना दिसत असला तरी. त्यातला ५ व्होल्टचा रेग्युलेटर जुना होऊन बिघडतो तेव्हा व्होल्टेज कमी न होता वाढतं, आणि वाढलेलं व्होल्टेज थेट मेमरीच्या चिपांवर जातं. नव्या बनावटीचा सप्लाय घ्या, किंवा मध्ये व्होल्टेज वाढताच तोडणारं सर्किट बसवा. आणि ड्राइव्ह व कमोडोर यांना जोडणारी सीरियल केबल लावताना किंवा काढताना दोन्हीकडची वीज बंद ठेवा. ड्राइव्ह कोणता घ्यायचा याची चर्चा त्यानंतर.

एसडी२आयईसीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र, वीज बहुतेक वेळा कॅसेटच्या पोर्टमधूनच घेतं, त्यामुळे वेगळी वायर नाही. रोजच्या कॉम्प्युटरवर डी६४ फाइली, म्हणजे फ्लॉपीच्या प्रती, कार्डावर टाकायच्या, कार्ड बसवायचं, एखादा फाइल ब्राउझर लोड करायचा आणि यादीतून निवडायचं. एका डी६४ फाइलमध्ये फ्लॉपीची एक पूर्ण बाजू मावते, १,७४,८४८ बाइट्स. म्हणजे एका कार्डावर एका माणसाला आयुष्यभर पुरेल एवढं सॉफ्टवेअर सहज बसतं. हलणारा भाग नाही, आवाज नाही, बुरशी लागलेली फ्लॉपी नाही. मशीन चालू अवस्थेत आहे का, साउंड चिप वाजते का, जॉयस्टिक चारही बाजूंना नीट जाते का, एवढंच पाहायचं असेल तर यापेक्षा झटपट उपाय नाही. एकाच फाइलमध्ये संपूर्ण मावणारे गेम तर यावर उत्तम चालतात.

१५४१ समोर ठेवला की पहिल्यांदा जाणवतं ते त्याचं वजन. आत स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आहे, म्हणून तो तापतोही. संथपणाबद्दल तर बोलायलाच नको: सेकंदाला सुमारे ४०० बाइट्स. चाळीस किलोबाइटचा प्रोग्रॅम यायला दीड मिनिटापेक्षा जास्त वेळ लागतो. यात ड्राइव्हच्या यांत्रिक भागाचा दोष फारसा नाही. कमोडोरच्या आधीच्या व्हिक-२० कॉम्प्युटरसाठी बाइट पाठवण्याचं काम ६५२२ चिपमधल्या शिफ्ट रजिस्टरकडे, म्हणजे बाइटचे बिट आपोआप एकेक करून पाठवणाऱ्या भागाकडे, सोपवायचं ठरलं होतं. त्या चिपमध्ये दोष निघाला, म्हणून एकेक बिट सॉफ्टवेअरने पाठवायची वेळ आली. मग कमोडोर ६४ मध्ये व्हिक-टू ही चित्राची चिप अधूनमधून प्रोसेसरला थांबवून ठेवते, त्या थांब्यात बिट हुकू नये म्हणून वेग आणखी कमी करावा लागला. फ्लॉपीवरून माहिती भराभर वाचली जाते, पण केबलमधून ती ठिबकत येते.

या संथपणावर तेव्हाच्या प्रोग्रॅमरांनी काढलेला तोडगा हाच माझ्या निवडीचा कळीचा मुद्दा ठरला, म्हणून त्यावर जरा थांबतो.

१५४१ हा नुसता ड्राइव्ह नाही, तो एक स्वतंत्र कॉम्प्युटर आहे. त्यात स्वतःचा ६५०२ प्रोसेसर आहे, २ किलोबाइट रॅम आहे, दोन ६५२२ चिपा आहेत, आणि फाइली सांभाळणारी सिस्टीम १६ किलोबाइटच्या रॉममध्ये आहे. कमोडोरकडून त्याच्या रॅममध्ये कोड पाठवता येतो आणि ‘हा चालव’ असं सांगता येतं. फास्टलोडर म्हणतात ते हेच. गेम सुरू होताना आपला छोटा कोड ड्राइव्हमध्ये धाडतो, मग दोन्ही बाजू ठरलेली संथ पद्धत सोडून आपापसात ठरवलेल्या वेगवान पद्धतीने बोलू लागतात. १९८० च्या दशकातले कितीतरी गेम आणि जवळजवळ सगळे मोठे डेमो (मशीनची करामत दाखवायला लिहिलेले चित्र-संगीताचे प्रोग्रॅम) असे चालतात.

एसडी२आयईसीमध्ये ६५०२ नाही. त्यात साधा मायक्रोकंट्रोलर असतो, आणि तो हा कोड चालवू शकत नाही. त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतला कायमचा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्यांनी यावर फार हुशारीने मार्ग काढला आहे: आलेल्या कोडचा चेकसम, म्हणजे त्याच्या बाइट्सवरून निघणारा पडताळणीचा आकडा, काढायचा, ओळखीचा लोडर निघाला तर तीच बोली आपल्या पद्धतीने बोलायची. जिफीडॉस, एपिक्स फास्टलोड, फायनल कार्ट्रिज थ्री, ड्रीमलोड असे बरेच लोडर ते ओळखतं. पण यादीत नसलेला लोडर आला की ते काहीच करू शकत नाही. आणि तसं सांगतही नाही.

ही न सांगण्याची गोष्ट मला खुपली. एक मोठा, अनेक डिस्कांचा गेम मी नव्याने आलेल्या मशीनवर लावला होता. सुरुवातीचं चित्र आलं, संगीत सुरू झालं, बटण दाबलं, पडद्याची कडा काळी झाली, आणि बस. संगीत वाजत राहिलं. एसडीच्या यंत्रावरचा दिवा शांत. पडद्यावर एररचं एक अक्षर नाही. हेच मशीन वर्षानुवर्षं वापरातलं असतं तर मी लगेच लोडरवर बोट ठेवलं असतं. पण नुकतंच आलेलं, कुठे किती वर्षं पडून होतं ते ठाऊक नसलेलं मशीन होतं. सीरियल पोर्ट सांभाळणारी सीआयए चिप गेली असेल का? तिच्या पुढची ७४०६ चिप गेली असेल का? केबल? वीज अपुरी पडते, कारण यंत्र कॅसेट पोर्टमधून ती खातंय? माझ्या बोर्डावर दोन्ही सीआयए चिपा सॉकेटमध्ये आहेत, म्हणून त्यांची अदलाबदल करून पाहिली; काही फरक नाही. केबल बदलली, तेच. अख्खी संध्याकाळ एका चांगल्या मशीनवर संशय घेण्यात गेली. मग १५४१ जोडला, तोच गेम फ्लॉपीवरून लावला आणि तो पुढे सरकला.

एसडी२आयईसीने कुठलंही खोटं आश्वासन दिलेलं नाही, त्याची मर्यादा सर्वांना माहीत आहे, हे मान्य. तरी माझं म्हणणं एवढंच: जुनं मशीन नव्याने हाती येतं तेव्हा प्रत्येक भाग संशयित असतो. अशा वेळी जी वस्तू अडली तर गप्प बसते, ती संशयितांची यादी लांबवते.

१५४१ अडतो तेव्हा बोलतो. आधी कानाला कळतं. मोटर फिरतेय पण हेड सरकत नाही, हा एक आवाज. हेड पुन्हापुन्हा थांब्यावर आपटतंय, हा दुसरा. या ड्राइव्हमध्ये ट्रॅक शून्य, म्हणजे फ्लॉपीवरच्या वर्तुळाकार पट्ट्यांची सुरुवात, ओळखणारा सेन्सर नाही, म्हणून वाचता आलं नाही की तो हेड मागे नेऊन आपटतो आणि तिथून पुन्हा मोजायला लागतो. फॉरमॅट करताना हाच खडखडाट होतो, तेव्हा घाबरू नका. मग दिवा लुकलुकायला लागतो, आणि तुम्ही चॅनेल १५, म्हणजे ड्राइव्हशी सूचना-उत्तरांची वाट, उघडून विचारू शकता की झालं काय. थेट पडद्यावर विचारता येत नाही, दोन-तीन ओळींचा बेसिक भाषेतला प्रोग्रॅम लिहावा लागतो. पण उत्तर नेमकं येतं: ‘२३, रीड एरर, १८, ००’. म्हणजे अठराव्या ट्रॅकवर, शून्याव्या सेक्टरमध्ये चेकसम जुळला नाही. अठरावा ट्रॅक डिरेक्टरीचा असतो, तेव्हा यादीच वाचता येत नाहीये. दुसरी फ्लॉपी लावली आणि तिथे हीच चूक आली नाही, तर पहिली फ्लॉपी खराब. सगळ्याच फ्लॉप्यांवर चुका येत असतील तर हेड साफ करा किंवा अलाइनमेंट, म्हणजे हेड ट्रॅकवर नेमकं बसतं का, ते तपासा. प्रत्येक उत्तर एक शक्यता खोडतं.

(एसडी२आयईसीही चॅनेल १५ वर उत्तर देतं, हे खरं, फाइल सापडली नाही तर सांगतं. पण फास्टलोडर मध्येच अडकला की विचारायला हातात बेसिकच उरत नाही. १५४१ च्या बाबतीतही उरत नाही, पण तिथे आवाज आणि दिवा असतात.)

आता दुसरी बाजू. १५४१ म्हणजे चाळिशी गाठलेलं यंत्र आहे आणि त्याची सेवा करावी लागते. ज्याला ही सेवा करण्यात रस नाही, त्याला मी आग्रह करणार नाही. फ्लॉप्याही मिळवाव्या लागतात, त्याही डबल डेन्सिटीच्या, पीसीच्या १.२ मेगाबाइटवाल्या हाय डेन्सिटी फ्लॉप्यांचा थर वेगळा असतो, त्यांवर या ड्राइव्हने लिहिलेलं टिकत नाही. जुनी फ्लॉपी आत घालण्याआधी तिच्या लांबट खिडकीतून उजेडात पृष्ठभाग पाहा, हाताने हळू फिरवत. पांढुरके ठिपके दिसले तर ती लावू नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे काढते.

मग खरा ड्राइव्ह न घेता खऱ्यासारखं वागणारं काही आहे का? आहे. पाय१५४१ हे रास्पबेरी पायवर चालतं आणि १५४१ चा प्रोसेसर, त्याच्या चिपा, सगळं सायकलनिशी हुबेहूब वठवतं. त्यामुळे फास्टलोडर त्याला खराच ड्राइव्ह समजतात. पाय आणि कमोडोरच्या व्होल्टेजमध्ये फरक असल्याने मध्ये एक छोटा बोर्ड लागतो, एवढीच जोडाजोड. ज्यांना चांगला १५४१ मिळत नाही किंवा ठेवायला जागा नाही, त्यांनी एसडी२आयईसीपेक्षा हे पाहावं असं मला वाटतं. मी स्वतः तिकडे वळलो नाही, कारण माझा ड्राइव्ह तोवर व्यवस्थित चालू लागला होता.

एसडी२आयईसी मी विकलेलं नाही. ते ड्राइव्ह नंबर ९ म्हणून आणि १५४१ नंबर ८ म्हणून, अशी दोघांची जोडी फार उपयोगी पडते. कार्डावरची डी६४ फाइल उघडायची आणि सेक्टर कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने ती खऱ्या फ्लॉपीवर उतरवायची. इथे वेगवान कॉपी प्रोग्रॅम घेऊ नका. तेही ड्राइव्हमध्ये आपला कोड पाठवतात आणि त्याच जागी अडकतात. साधा, संथ कॉपी प्रोग्रॅम लावा. ६८३ सेक्टर आहेत, वेळ लागेल, पण पुरं होईल. ज्यांच्याकडे दोन्हींसाठी तरतूद आहे त्यांचा प्रश्न इथेच मिटतो. एकच घ्यायचं असेल आणि मशीनशी ओळख करून घ्यायची असेल, तर मी १५४१ म्हणेन.

घेताना दोन गोष्टी पाहा. तोंडाशी फिरवायचा खटका असेल तर आतली यंत्रणा बहुधा न्यूट्रॉनिक्सची. वरून खाली दाबायची झडप असेल तर आल्प्सची. न्यूट्रॉनिक्सची हेड आतून तुटण्यासाठी ओळखली जातात आणि तुटलेलं हेड घरी दुरुस्त होत नाही, तेव्हा चालू अवस्थेत पाहिल्याशिवाय तसा ड्राइव्ह घेऊ नका. १५४१-टू मिळाला तर आणखी बरं: त्याचा पॉवर सप्लाय बाहेर असतो, म्हणून तो कमी तापतो, आणि ड्राइव्हचा नंबर मागच्या स्विचवर बदलता येतो. मूळ १५४१ मध्ये त्यासाठी बोर्डावरची रेघ कापावी लागते. घरी आणल्यावर लगेच फ्लॉपी घालू नका. आधी झाकण काढा, हेडवरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा, हेड ज्या दांड्यांवर सरकतं त्यांवरचं सुकलेलं ग्रीस पुसून नवं हलकं तेल थेंबभर लावा, आणि पहिली फ्लॉपी अशी घाला की जी गेली तरी वाईट वाटणार नाही.