व्हीएलए-४ की ई-सिलेक्टिन? उलटणाऱ्या ल्युकेमियाच्या दोन पकडी

केमो संपवून माणूस नागपूरहून वणीला परततो, काही महिन्यांनी आजार उलटतो. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, काही पेशी अस्थिमज्जेत गोखरूसारख्या चिकटून वाचलेल्या असतात.

व्हीएलए-४ हे कर्कपेशीवरचंच प्रथिन. ते मज्जेतल्या फायब्रोनेक्टिन आणि व्हीकॅम-१ या प्रथिनांना धरतं. त्या पकडीतून पेशीला जगण्याचे संकेत मिळतात, केमो पचतो. ई-सिलेक्टिन हे प्रथिन मात्र रक्तवाहिनीच्या अस्तरावर असतं, तिथून ते कर्कपेशीला धरतं.

मला व्हीएलए-४ची पकड जास्त चिवट वाटते. औषध पुढं गेलं ते ई-सिलेक्टिन अडवणारं: उप्रोलेसेलान. २०२४मध्ये तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत त्यानंही आयुर्मान ठळक वाढवलं नाही. व्हीएलए-४ अडवणारं नॅटॅलिझुमॅब आहे, पण ते वापरतात मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी. मेंदूच्या गंभीर संसर्गाचा धोकाही असतो.

या नावांवर कोणी पैसे मागितले तर वावर विकू नका. एमआरडीची, म्हणजे उपचारानंतर उरलेल्या कर्कपेशी शोधणारी, तपासणी मात्र चुकवू नका, भाऊ, पेरणी असली तरी.